मी दोनदा विचारलं होतं

अहो, इकडे बघा जरा! मी बोलतोय, मी, काळा पेनड्राइव्ह. टोपण केव्हाच हरवलंय, गळ्यात लाल दोरा आहे. या घडीला एका जुन्या कॉम्प्युटरच्या तोंडाशी खोचलेला आहे. खोलीत चिटपाखरू नाही. आहे वेळ, तर चार गोष्टी ऐकून घ्या. नाहीतर माझ्याशी बोलायला येतंय कोण?

कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने होते आणि सगळे रिकामे होते. मला अर्थ आला तो माझ्या मालकाने माझ्यात ऑपरेटिंग सिस्टीम भरली तेव्हा. कॉम्प्युटरचं सगळं घर सांभाळते ती ही सिस्टीम. ती नसेल तर बाकी नुसता पत्रा. माझ्या पोटातली सिस्टीम मोफत होती, आणि नुसती मोफत नव्हे, मोकळी. तिचा कोड कुणीही उघडून बघावा, दुरुस्त करावा, शेजाऱ्याला द्यावा. ती घडवणारी माणसं एकमेकांना कधी भेटलेलीसुद्धा नाहीत. कुणीतरी बसून तिचे मेनू मराठीत केले होते. काही मोठं पुसायच्या आधी मी विचारतो ना, ‘खात्री आहे ना?’, तो प्रश्नही त्या अनोळखी माणसाचाच. मला त्याचा फार अभिमान आहे.

माझा मालक एका कचेरीत कारकून. तिथे त्याला सगळे फुकटराव म्हणायचे. “काय फुकटराव, आज कुणाचा कॉम्प्युटर बिघडवणार?” असं कुणी विचारलं की तो हसायचा. “अहो, फुकट नाही हो, मोकळी!” मग पुन्हा हशा. माणूस मात्र चिवट. सुट्टीच्या दिवशी मला खिशात टाकून घरोघर जायचा. कुणाचं यंत्र रखडतंय, कुणाचं सुरूच होत नाही, कुणाचं भंगारात निघालंय. मी आत शिरलो की ती यंत्रं पुन्हा पळू लागायची. काय मजा यायची म्हणून सांगू!

पण आठवडा उलटला की फोन यायचा. “ते जुनंच परत टाकून द्या बुवा, बटणं सापडत नाहीत.” जुनं म्हणजे काय, तर कुणाकडून तरी आणलेली चोरीची कॉपी. तिची कुणाला लाज नव्हती, माझी मात्र वाटायची. फुकटराव तक्रार न करता जाऊन जुनं परत टाकून यायचा. परतताना मी पुन्हा त्याच्या खिशात.

माझ्याकडे दोन वाटा आहेत, तेवढं ध्यानात ठेवा. एक, ‘नुसतं वापरून बघा’. यात मी बाहेर बसूनच काम करतो, यंत्रातल्या कशालाही हात लावत नाही. दुसरी, ‘बसवा’. यात मी कायमचा उतरतो, आणि तिथे विचारतो की शेजारी जागा करून बसू, का सगळं पुसून बसू? फुकटरावाने मोडीतली यंत्रं इतकी उठवली होती की त्याचं बोट आपोआप ‘सगळं पुसून’वर जायचं. त्या यंत्रांत पुसायला काही नसायचंच ना!

आता दादाचं सांगतो. दादा म्हणजे फुकटरावाचा थोरला भाऊ. फोटो स्टुडिओ चालवतो. आई-वडील लवकर गेले, तेव्हा दादा आणि वहिनी यांनीच फुकटरावाला वाढवलं. मी तिथे गेलो तेव्हा वहिनी वारून थोडेच दिवस झाले होते. दादाचा कॉम्प्युटर व्हायरसने पार बेजार झाला होता, आणि आपला गडी मागेच लागला.

“चालतंय तसं चालू दे रे,” दादा म्हणाला.

“बघ तरी दादा, घोड्यासारखं पळेल.”

“बरं बाबा, कर. तुझी वहिनी असती तर तिनेही तुझीच बाजू घेतली असती.”

मला खोचलं. गप्पा सुरू झाल्या. मध्येच फुकटरावाने विचारलं, “फोटोंची कॉपी आहे ना वेगळी?” दादा म्हणाला, “आहे की सगळी.” आणि ते खरंच होतं. गिऱ्हाइकाचा एकूण एक फोटो दादा वेगळ्या डिस्कवर ठेवायचा. धंद्याची शिस्तच ती. पण फोटोवाल्याच्या घरची रीत उलटी. घरच्या फोटोंची ना कॉपी, ना ते कागदावर उतरलेले. करू निवांत कधीतरी, म्हणून वहिनीचे सगळे फोटो त्या यंत्रातच राहिले होते. स्टुडिओच्या भिंतीवर परक्या नवऱ्यामुली ओळीने टांगलेल्या, आणि वहिनी कुठेच नाही. कॉपी आहे म्हणताना दादाला गिऱ्हाइकंच आठवली, घर आठवलं नाही.

मी विचारलं, ‘सगळं पुसलं जाईल. खात्री आहे ना?’ बोट म्हणालं, हो. मी पुन्हा विचारलं. बोट पुन्हा म्हणालं, हो. मान मात्र दादाकडे वळलेली, कसलातरी विनोद सांगण्यात दंग. अरे, वाच की जरा! पण मला ओरडता कुठे येतं?

यंत्र खरंच सुसाट सुरू झालं. दादा कौतुकाने पुढे वाकला. “वा रे पठ्ठ्या! आता घरचे फोटो उघड बघू.”

फुकटरावाचा चेहरा खर्रकन उतरला. दादाला समजायला थोडा वेळ लागला. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. त्याने यंत्र बंद केलं, फोटोमागे लावायचं निळं कापड काढून त्यावर घातलं आणि म्हणाला, “या यंत्राला पुन्हा हात लावायचा नाहीस. जा तू.”

भावाभावांचं बोलणं तिथेच थांबलं. फुकटरावाने बायकोकरवी एकच निरोप धाडला, “ते यंत्र सुरू करू नका, पुसलेलं अजून शोधता येईल.” उत्तर आलं नाही. दादाने दुकानासाठी दुसरा कॉम्प्युटर घेतला एवढंच कळलं.

आणि मी? मी टेबलाच्या खणात. सोबतीला संपलेल्या बॅटऱ्या, कुलूप हरवलेली किल्ली आणि एका जुन्या मोबाइलचा चार्जर. चार्जर मोठा घुम्या. वर्षं गेली. खणात ऊन येत नाही, कुणाचा हात येत नाही. माझं काय चुकलं, हे मी त्या अंधारात किती वेळा घोळवलं असेल! कुणी विचारायला आलं नाही.

खणातूनही ऐकू मात्र यायचं. एक दिवस फुकटरावाची बायको म्हणाली, “अहो, तुमच्या कचेरीत सगळीकडे तुमचीच ती मोकळी सिस्टीम येणार म्हणे! आता तरी हसा.” वरून हुकूम आला होता. फुकटराव म्हणणारेच आता “साहेब, जरा बघता का” करत मागे येत होते. सगळीकडे माझीच सिस्टीम बसली, नव्या पेनड्राइव्हांतून. मला कुणी बोलावलं नाही. आणि तोही हसला नाही. प्रत्येक यंत्राशी तो आधी विचारायचा म्हणे, “घरचे फोटो कुठेयत? नक्की? पुन्हा बघा.” लोक वैतागायचे.

आज दुपारी दारावर थाप पडली. दादा आला होता. काखेत यंत्र, तेच, निळ्या कापडासकट. आवाज बराच थकलेला. फुकटराव दारातच उभा.

“आत तरी घे,” दादा म्हणाला. मग खुर्चीत बसून हळूच म्हणाला, “मला तिचा चेहरा नीट आठवेना झालाय रे. साडी आठवते, आवाज आठवतो. चेहरा आणायला जातो आणि कुणातरी गिऱ्हाइकाचाच येतो.”

फुकटराव ढसाढसा रडला. दादाने त्याच्या पाठीवर थोपटलं. “रड नंतर. आधी शोध.”

नवे पेनड्राइव्ह त्या जुन्या यंत्राला चालेनात. तेव्हा खण उघडला. इतक्या वर्षांनी उजेड! या वेळी फुकटरावाने बोटाने एकेक शब्द वाचला आणि ‘नुसतं वापरून बघा’ निवडलं. माझ्या पोटात हरवलेलं शोधायचं अवजार आहे. सापडेल ते शेजारच्या नव्या डिस्कवर उतरवत मी कामाला लागलो.

फोटो येऊ लागले, नावं गेलेले, नुसते आकडे लावलेले. परके चेहरे, मुंडावळ्या, पासपोर्टच्या ताठ माना. दादा म्हणत होता, “ही नाही. हा तर पोस्टमन. ही पण नाही.” कितीतरी फोटो फाटल्यासारखे, निम्मे राखाडी. मग वहिनी आली. स्वयंपाकघरात, दाराच्या उजेडात, हसताना. हनुवटीच्या खालचा सगळा फोटो राखाडी.

फुकटराव म्हणाला, “दादा, अर्धाच आलाय रे.”

दादा पडद्याच्या अगदी जवळ गेला. “कॅमेरा दिसला की ती हात वर करायची. ‘नका हो, केस विस्कटलेत.’ प्रत्येक फोटोत हात मध्ये. यातही निघाला असणार, खालून वर यायला.” त्याने राखाडी भागावर बोट ठेवलं. “हात पुसला गेलाय. चेहरा राहिलाय.”

 मग दादा उठला. “चल. हा आधी कागदावर उतरवू. आता निवांत नाही, लगेच.” दोघं तो एक फोटो घेऊन स्टुडिओत गेले. निळं कापड खुर्चीवरच राहिलं.

मी शोधतोच आहे. अजून डिस्क बरीच उरलीय. सापडलेलं काहीच माझ्याकडे राहत नाही, सगळं त्या नव्या डिस्कवर जातं. काम झालं की मला पुन्हा खणात टाकतील, चार्जरशेजारी. टाका. त्याची मला सवय आहे.

एवढंच मागणं आहे. मोकळी सिस्टीम जरूर बसवा, मला खिशात घालून कुठेही न्या. पण मी ‘खात्री आहे ना?’ विचारीन तेव्हा मान पडद्याकडे असू द्या, आणि आधी घरचं माणूस आठवा. मी दोनदा विचारतो. तिसऱ्यांदा विचारायला त्या अनोळखी माणसाने मला शिकवलेलं नाही.