ठिबकखालचा खोटारडा

मित्रांनो, मी एक जुना ओलावामापक आहे. जमिनीत पुरलेला, दोन टोकदार पायांचा. मातीत पाणी किती आहे हे मी वायरीतून वर कळवतो आणि तो आकडा मोबाइलवर उमटतो. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे मला कोरड्या आणि ओल्या वाळूत आळीपाळीने रोवून खरे बोलायला शिकवले होते.

तरीही टोमॅटोच्या मळ्यात पहिल्याच हंगामात मी खोटारडा ठरलो. मळ्याचे मालक असलेल्या आजोबांच्या थोरल्या मुलाने मला नेमके ठिबकच्या नळीच्या छिद्राखाली पुरले. डोक्यावर थेंब पडत, मी "भरपूर ओल" म्हणून कळवी आणि मोटर लवकर बंद होई. दोन छिद्रांच्या मधली रोपे मात्र माना टाकत होती.

"तुझ्या यंत्राला तहान लागत नाही वाटतं!" आजोबांनी मुलाला सुनावले. माझी रवानगी अवजारांच्या खोलीत झाली. खिळ्याला लटकलो, शेजारी फुटकी झारी. कोळ्याने माझ्या पायांत जाळेही विणले.

पुढच्या हंगामात विहिरीचे पाणी झपाट्याने खाली गेले. फळे पिकेपर्यंत ते पुरेल का, याच काळजीने घराला ग्रासले. तेव्हा धाकट्या सुनेने मला खिळ्यावरून काढले.

"अहो भावोजी, थेंबाखाली बसवल्यावर तो दुसरं काय सांगणार? अंघोळ करणाऱ्याला विचारतोय आपण, पाऊस पडला का म्हणून!"

थोरला ओशाळून हसला. तिने माझे पाय पुसले, दोन छिद्रांच्या मधोमध मुळांच्या खोलीवर मला रोवले आणि भोवती माती घट्ट दाबली.

खरी परीक्षा भर उन्हात झाली. वरची माती तडकली होती. आजोबा मोटर सुरू करायला निघाले.

"बाबा, थांबा. तो म्हणतोय, खाली ओल आहे."

"तो म्हणतोय! गेल्या साली काय म्हणत होता?"

ती वाद घालत बसली नाही. माझ्याशेजारी खुरप्याने उकरून तिने खालची माती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ आवळली, उघडली. मातीचा गोळा तसाच राहिला. त्यांनी गोळ्याकडे पाहिले, मग मोबाइलकडे.

"राहू दे आज मोटर."

मित्रांनो, याहून मोठे पदक मला नको होते!

त्यानंतर मी मागितले तेव्हाच पाणी सुटले. मळा लालेलाल झाला. शेवटची पाटी भरली, त्या दिवशी आजोबा विहिरीत डोकावून ओरडले, "अरे, अजून माझं तोंड दिसतंय पाण्यात!" सगळे घर धावत आले आणि काठावरून एकेक जण आपापले तोंड पाहू लागला.

आता मळ्यात माझी भावंडेही आली आहेत. तुमच्या शेतात आमच्यापैकी कोणी असेल, तर एवढे करा: जागा विचारपूर्वक निवडा, पाय पुसत जा आणि अधूनमधून माती स्वतःच्या मुठीतही घ्या. मुठीला आणि आम्हाला एकमेकांची सोबत लागते.

आजोबा रोज सकाळी चहाआधी सुनेला हाक मारतात, "काय गं, आमचा खोटारडा काय म्हणतोय?"

आणि मी सांगेन तसेच होते.