एकतिसाचे एक्केचाळीस

मित्रांनो, मी एक जुनं मशीन आहे आणि सध्या फार वैतागलेलं आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यात नवी तांब्याची तार भरावी लागते. त्या तारेची वेटोळी आधी माझ्यावर तयार होतात. लोखंडी बैठक, एक दांडा आणि एक लाकडी मूठ, एवढाच माझा पसारा. मला वीज लागत नाही. हातानं मूठ फिरवायची आणि तोंडानं वेढे मोजायचे.

सोलापुरात विजापूर रोडला नबीलाल यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. त्यांच्या अब्बांनी मला कोल्हापूरहून एस.टी.च्या टपावर टाकून आणलं. पुढे अब्बांचा हात थरथरू लागला आणि माझी मूठ नबीलालांच्या हातात आली. काय हात होता! कुणी दारात येऊन हाक मारली तरी मोजणी पुरी झाल्याशिवाय ते मान वर करत नसत. "नबीलालची वायंडिंग हाय, धा वर्सं बगायला नको," असं गिऱ्हाईक म्हणे, आणि त्यातलं थोडं कौतुक मी गुपचूप माझ्या नावावर घेत असे.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या दुकानातल्या गुरप्पांनी त्यांना मोबाईलवर शेअर घ्यायला शिकवलं.

"नबीभाई, विजेबिगर जग चालतंय का? एक विजेची कंपनी घ्या. आन एक कॉम्प्युटरवाली. पुढं सगळा इचार मशीनच करनार हायत."

हे ऐकून मला बरं वाटलं. मीही मशीनच. आता आपल्याला चांगले दिवस येणार, अशी माझी समजूत झाली. आले ते मोबाईलला.

सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की मोबाईल तारेच्या रिळाला टेकवून उभा राही. त्यावर आकडे हिरवे होत, लाल होत, बहुतेक लालच होत. उन्हाळ्यात वीज जास्त लागते म्हणून शेअर वाढणार, असा नबीलालांचा हिशेब. उन्हाळा आला आणि शेअर पडला.

"तिकडं लढाई लागली तरी पडतोय, थांबली तरी पडतोय," ते गुरप्पांना म्हणाले. "ह्याला पडायचंच हाय, तर निमित्त कशाला पायजे? आन हितं बगा, दुकानात तीन तास लाईट न्हाय, मी मात्र वीज कंपनीचा मालक!"

"आन कॉम्प्युटरवाली?"

"तिचा साहेब अर्धा तास इंग्रजीत बोलला. मला एवढंच कळलं, की आपलं आठ हजार गेलं."

दोघे हसले. मला हसू येत नव्हतं. माझ्या दांड्यावर अर्धं वेटोळं तसंच लोंबत होतं.

मग मंद्रूपच्या मुक्ताबाईंची मोटार आली. प्रत्येक वेटोळ्याला बावन्न वेढे हवे होते. चौथं वेटोळं चालू असताना, नेमकं एकतिसाव्या वेढ्याला, मोबाईल वाजला. नबीलालांनी पाहिलं, "या अल्ला, परत लाल!" म्हणाले, आणि मूठ धरून पुढे मोजू लागले, "बेचाळीस, त्रेचाळीस..."

मधले दहा वेढे गेले! मी कचकन आवाज केला. दांडा अडकवायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्यात दोन थेंब तेल सोडलं आणि पुढे चालू ठेवलं. मित्रांनो, त्या दिवशीइतका राग मला कधीच आला नव्हता.

मोटार नेल्यावर चौथ्या दिवशी मुक्ताबाई तीच टेम्पोत घालून परत दारात उभ्या. मोटारीला जळकट वास येत होता.

"व्होल्टेज कमी आलं आसंल, अक्का," नबीलाल म्हणाले.

"व्होल्टेजचं काय न्हाय, भाऊ. आमच्या मालकानी स्टार्टर नीट लावला न्हाय. लई बोलले मी त्यास्नी, चार मानसात. दोन दिस झालं, घरला जेवाय येईनात. रानातच बसल्यात. हिकडं कांद्याचं रोप वाळाय लागलंय."

नबीलालांनी पाना उचलला. मोटार खोलून एकेक वेटोळं कापून तारा मोजू लागले. चौथ्यापाशी थांबले. बेचाळीस. पुन्हा मोजल्या. बेचाळीसच.

मुक्ताबाईंना यातलं काही कळणारं नव्हतं. ते गप्प राहिले असते तर विषय तिथंच संपला असता. त्यांनी त्या तारा मुक्ताबाईंपुढे धरल्या.

"अक्का, स्टार्टर बरोबर हुता. तार मी कमी भरली. ध्यान मोबाईलवर हुतं."

मुक्ताबाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मोठा आवाज होणार. पण त्या हळू म्हणाल्या, "मग ते मला सांगू नगा. त्यास्नी सांगा."

नबीलालांनी मोबाईल उचलला. विजेचा शेअर हिरवागार झाला होता. वर्षभर ज्या आकड्याची वाट पाहिली, तो समोर होता. त्यांचा अंगठा क्षणभर त्यावर थांबला. मग तो आकडा बाजूला सारून त्यांनी मुक्ताबाईंचे यजमान रावजी यांचा नंबर लावला.

"रावजीदादा, मी नबीलाल. तुमची काय बी चूक न्हवती. वायंडिंग माजी चुकली. मोटार आजच्या आज करून देतो, पैसं न्हाईत."

पलीकडून रावजींचा आवाज आला.

"हे जरा तिला मोठ्यानं सांगा की."

"ऐकलं, ऐकलं!" मुक्ताबाई मोबाईलकडे वाकून म्हणाल्या. "जेवाय या आता घरला."

संध्याकाळपर्यंत माझी मूठ थांबली नाही. प्रत्येक वेटोळं बावन्नचं. मोटार गेली तेव्हा बाजार कधीच बंद झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी शेअर होता तिथं परत आला. अर्धं रोप वाचलं, अर्धं गेलं. नबीलालांचा मोबाईल सुटलेला नाही. सव्वानऊ वाजले की अजून त्यांची मान वळते आणि अजून माझं डोकं फिरतं.

मित्रांनो, शेअर घ्या नाहीतर न घ्या, मला त्यातलं कळत नाही. पण कुणाचं काम हातात घेतलं असेल, तर ते होईपर्यंत मनही तिथंच ठेवा. आणि चुकलंच, तर आपल्या चुकीपायी दुसऱ्या कुणाला बोलणी बसली आहेत का ते विचारा, आणि पहिला फोन त्याला लावा.