असू दे, चार जास्त

मित्रांनो, परवापर्यंत कपाटावर रिकाम्या खोक्यांखाली दबलेला हा प्लायवूडचा जुना पट म्हणजे मीच. मालाची ने-आण शिकवणारा खेळ आहे मी. आमच्या सरांनी मला स्वतःच्या हाताने रंगवले. माझ्यावर चार घरे आहेत : दुकान, घाऊक व्यापारी, गोदाम आणि कारखाना. सरांच्या आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणे म्हणजे साबणाची खोकी. बोलायचे नाही, मागणी चिठ्ठीवर लिहायची, आणि माल दोन फेऱ्यांनी मिळायचा. भले भले मॅनेजर माझ्यापुढे गप्प बसत, याचा मला भारी तोरा होता.

एकदा एका इस्पितळाच्या औषधभांडारातल्या बाई शिकायला आल्या. त्यांच्याकडे एक औषध ऐन वेळी संपे, तर दुसरे मुदत उलटून फेकावे लागे. पुन्हा असे झाले तर भांडार त्यांच्याकडून काढून घेणार होते. बिचाऱ्या धास्तावलेल्या होत्या. त्यांना घाऊक व्यापाऱ्याचे घर मिळाले. बटणे कमी पडली की त्या पुटपुटत, "असू दे, चार जास्त," आणि आकडा वाढवत. गोदामवालेही त्यावर आपले चार चढवत. शेवटी सगळा माल एकदम आला आणि बाईंच्या घरात बटणांचा ढीग झाला.

"दुकानदारानेच वेडीवाकडी मागणी केली," बाई तणतणल्या.

फक्त दुकानदाराला दिसलेल्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या सरांनी मांडल्या. आधी दर फेरीला चार खोकी, मग शेवटपर्यंत आठ. बाकी काही नाही.

बाईंनी एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. "म्हणजे घोळ आम्हीच घातला," त्या हळूच म्हणाल्या. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

पुढे कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. बटणे डब्यात पडून राहिली. दोन तर सरांच्याच सदऱ्याला लागली. खोटे कशाला सांगू, मी फार कष्टी झालो.

परवा त्याच बाई आल्या. केस पिकले होते, पण भांडार अजून त्यांच्याकडेच होते. "आमच्या नव्या माणसांना शिकवायचंय. पट नेऊ का?" त्यांनी मला पदराने पुसले आणि माझ्या पाठीवर लिहिलेल्या आकड्याशी बटणे मोजून पाहिली. "दोन कमी आहेत, सर."

"असू दे, बाजारातून आणतो. चार जास्तच आणतो."

"नको. दोनच लागतात," बाई म्हणाल्या आणि सरांच्या सदऱ्याकडे बघत राहिल्या.

सरांनी गळ्याजवळची दोन बटणे तोडून दिली.

तेव्हा मित्रांनो, लागेल तेवढेच मागा. आणि खेळाची बटणे खेळातच राहू द्या.