सुतारास अंतिम सूचना

उलव्याच्या ‘वनराई हाइट्स’ सोसायटीतलं शेवटचं झाड सेक्रेटरी ऋषी निकम याने पाडलं.

पण तसं काहीही झालेलं नाही, झाड आहे तिथंच आहे असं समजून पुढचं वाचावं. ऋषीही हल्ली तसंच समजतो आणि पार्किंगमधून मान खाली घालून जातो.

तर झाड होतं. सावरीचं, मागच्या भिंतीला लागून, उभ्या उभ्या वाळलेलं. त्याचे भाऊबंद मागच्या टेकडीवर होते. रस्त्यासाठी टेकडी कापली, माती डंपरने गेली आणि जंगलाचं नाव बिल्डरने इमारतीला दिलं, म्हणजे वाया काही गेलं नाही.

तक्रार आली तिसऱ्या मजल्यावरच्या अरविंदकाकांची. रिटायर्ड माणूस, दुपारची झोप हाच उद्योग. ग्रुपवर त्यांनी लिहिलं, ‘रोज दुपारी ठोकाठोकी चालते. सेक्रेटरी झोपलेत का?’ ऋषी नुकताच बिनविरोध निवडून आला होता, म्हणजे मीटिंगला दुसरं कुणी फिरकलं नव्हतं. आयुष्यातलं पहिलं पद, ते शोभवून दाखवायचं होतं. पण दिवसभर तो ऐरोलीला ऑफिसात, ठोकाठोकी त्याने कधी ऐकलेलीच नाही. म्हणून त्याने आत्याला विचारलं.

शालनआत्या पाटणहून गुडघा दाखवायला आली होती. सहाव्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर बसायची.

“आत्या, दुपारी कोण ठोकतं गं?”

“सुतार हाय की.”

“कुणाच्या फ्लॅटमध्ये?”

“फ्लॅट कसला त्येला. त्या वाळक्या झाडातच ऱ्हातोय. बायको बी हाय.”

ऋषीने हातातला फोन खाली ठेवला. “सोसायटीच्या जागेत? परमिशन न घेता?”

“टेकडीवरनं हाकलल्यावर जाईल कुठं बिचारा? लाल टोपी घालून बसतोय, लई ऐटीत. माझं तेवढंच एक माणूस हाय हितं.”

आत्या सुतार पक्ष्याबद्दल बोलत होती. ऋषीच्या ओळखीचा सुतार एकच, त्याच्या किचनचा, जो गेल्या दिवाळीपासून ‘निघालोच साहेब’ म्हणत होता.

कमिटीची तातडीची बैठक झाली. हजर ऋषी आणि अरविंदकाका. आज एक सुतार, उद्या त्याचं गाव, यावर एकमत झालं. वॉचमनने खोडावर कागद चिकटवला, ‘सुतारास अंतिम सूचना. सदर झाड तात्काळ रिकामे करावे.’ दोन दिवसांत सूचनेच्या बरोबर मधोमध गोल भोक पडलं. ऋषीला हा सरळ अपमान वाटला. झाडच ठेवायचं नाही असं ठरलं.

शनिवारी आत्या खांदेश्वरला देवळात गेली आणि इकडे कटरवाले आले.

खोड आडवं झालं. झोपडी नव्हती, अंथरूण नव्हतं, स्टोव्ह नव्हता. ढोलीचं एक भोक होतं आणि त्यातून पिवळा बलक ओघळत होता.

मग तो आला. सोनेरी पाठ, डोक्यावर लाल तुरा. जिथं झाड होतं तिथं, हवेत, उतरायला गेला. जमलं नाही, तेव्हा भिंतीवर टेकला. शेवटी गेटवरच्या ‘वनराई’च्या पत्र्याच्या पाटीवर त्याने चोच मारून पाहिली. पत्रा वाजला. आत काही नव्हतं.

“साहेब, नोटीस याची होती काय?” वॉचमनने विचारलं.

ऋषीने मान हलवली. आडवी की उभी, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

ग्रुपवर अरविंदकाकांनी लिहिलं, ‘तरुण नेतृत्व.’ बाकीच्यांनी फुलं पाठवली. ऋषीने ‘सुतार म्हणजे’ एवढं टाइप केलं, खोडलं आणि हात जोडल्याचं चित्र टाकून दिलं.

संध्याकाळी आत्या आली आणि चपला काढून थेट गॅलरीत गेली.

“कुणी पाडलं रं?”

“कमिटीने.”

“कमिटी म्हंजे कोण?”

ऋषी पाणी प्यायला गेला. तहान नव्हती, तरी दोन पेले प्यायला. परत आला तर आत्याने खुर्ची आत आणून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, आणि ती त्या खुर्चीत बसली होती. टीव्ही दुसऱ्या भिंतीला होता.

“मी, आत्या. मला वाटलं, खराच सुतार आहे.”

“खराच हुता की,” आत्या म्हणाली.

उलव्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावकऱ्यांसाठी साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आहे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. रविवारी ऋषीने सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला आणि शिक्का मारला:

‘मा. अधिकारी महोदय,

आमच्या आवारातील सुतार व त्यांची पत्नी हे टेकडीचे मूळ रहिवासी व प्रकल्पग्रस्त असून, त्यांचे राहते घर अधोस्वाक्षरीकाराने गैरसमजातून पाडले आहे. तरी त्यांना साडेबारा टक्के योजनेखाली एक वाळलेले, पोखरण्यास योग्य असे विकसित खोड, आमच्या आत्याच्या गॅलरीतून दिसेल अशा जागी मंजूर करावे व पुढील अंडी घालण्यापूर्वी त्याचा ताबा द्यावा, ही नम्र विनंती.

सोबत: नोटीस, भोकासह.’