साबणाने धुतलेलं कोकरू

मी एक म्हातारी मेंढी आहे. हसलात ना? हसा मित्रांनो, मला सवय आहे. माणसांना कुणाला मूर्ख म्हणायचं असलं की आमचंच नाव पुढे करतात. पण माझ्या नाकासमोर तुमचे दहा शहाणे झक मारतील! वारा फिरला की लांडगा कुठे दडलाय ते मला कळतं. एडका अजून दिसलाही नसला, तरी त्याच्या अंगाचा उग्र वास आला की आम्ही साऱ्याजणी बावरतो, चरणं सोडून देतो. नाक सांगतं आणि पाय चालतात. मधे विचार करायला कुणी थांबत नाही.

ह्याच नाकापायी मी माझ्या पोटच्या पोराचा जीव घेणार होते. ते आठवलं की आजही एका जागी पाय ठरत नाहीत.

कडाक्याची थंडी होती. मी पहाटे गोठ्याच्या कोपऱ्यात व्याले आणि थकून मान टाकली. उठून कोकराला चाटणार, एवढ्यात घरात नवी आलेली सून तिथे आली. मनाची फार चांगली पोर, पण जनावरांत कधी वावरलेली नाही. ओल्या, चिकट कोकराला कुडकुडताना बघून तिचा जीव कळवळला. तिने ते उचलून नेलं, कोमट पाण्याने धुतलं, आपला वासाचा साबण लावला, स्वतःच्या पंच्याने पुसलं आणि मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे आणून ठेवलं.

मी हुंगलं. कुणाचं हे? माझं नव्हे. कोकरू कासेकडे आलं, तशी मी मान खाली घातली आणि धडक दिली. ते गव्हाणीवर आपटलं, उठलं, पुन्हा आलं. मी पुन्हा धडक दिली.

आरडाओरडा ऐकून सासूबाई धावत आल्या.

"अगं बाई! आंघोळ घातलीस? तिने चाटायच्या आधीच?"

"घाण झालं होतं हो आई ते. मला वाटलं, गारठून मरेल."

"आता उपाशी मरेल! ती घाण नव्हती गं. त्या वासावरच आई पोर ओळखते. पहिला चीक पोटात गेला नाही, तर ह्या थंडीत संध्याकाळ गाठायचं नाही ते."

सून मटकन खालीच बसली.

आणि मी? मी माझं कोकरू शोधत होते. गोठाभर फिरले, दारापाशी गेले, परत आले. शेवटी मी व्याले होते त्या कोपऱ्यात मला त्याचा वास लागला. ओल्या पेंढ्यात होता तो. मी त्या पेंढ्याला चाटू लागले, त्यालाच हाका मारू लागले. माझ्या पाठीमागे माझं लेकरू रडत होतं आणि मी पेंढ्याला साद घालत होते, मित्रांनो!

मला बांधून कोकराला पाजायचं म्हणून सासूबाई दोरी आणायला गेल्या होत्या. सून मात्र डोळे पुसत माझ्याकडेच बघत होती. ती एकदम उठली. मला बाजूला ढकलून तिने तो ओला पेंढा ओंजळीत घेतला आणि कोकराच्या अंगावर, डोक्यावर, शेपटीखाली खसाखसा चोळला. हात बरबटले, साडी भरली, पण तिला कसली शुद्ध?

कोकरू पुन्हा आलं. मी मान खाली घातली. तो फुलांचा वास अजून होताच, तिडीक आणणारा. पण त्याच्याखालून दुसरा वास आला. मी शेपटीशी हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग माझी जीभ आपोआप बाहेर आली. मी चाटत राहिले आणि ते चुरूचुरू पिऊ लागलं. सून हमसून हमसून रडत होती. "पुरे आता, नाहीतर ती तुलाही चाटायची," असं म्हणत सासूबाईंनी तिला जवळ घेतलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्याच वर्षी आमच्यातली एक मेंढी विताना दगावली. तिचं कोकरू दूध मागत माझ्याकडे आलं. मला आधीचं सारं आठवत होतं. भूक काय असते ते कळत होतं. तरी नाकाने 'परकं' म्हटलं आणि धडक द्यायला माझं डोकं खाली गेलंच. त्या पोरक्याला सुनेनेच बाटलीने दूध पाजून जगवलं.

तेव्हा मित्रांनो, कुठलंही पिलू दिसलं की चटकन उचलू नका. त्याच्या आईला आधी पोटभर हुंगू द्या, चाटू द्या. आणि आणखी एक मागते. परक्याला बघून तुमचंही डोकं कधी खाली जाईल, तेव्हा क्षणभर थांबा. मला आजवर थांबता आलेलं नाही. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला येईल.