एकाच मापाची चोच

कोणी खात नाही म्हणून जीव टांगणीला लागलेलं माणूस तुम्ही पाहिलंय? ताट वाढून वाट बघणारं नव्हे हो. आमची संघमित्रा मातीच्या अळ्या करून मुलुंडच्या डोंगरावर पानापानांना चिकटवायची आणि त्या कोणी खाल्ल्या नाहीत म्हणून घरभर येरझारा घालायची. एका जागी टेकेल तर शपथ.

काम खुळ्यासारखं दिसायचं, पण खुळं नव्हतं. हिरव्या, न वाळणाऱ्या मातीची बोटाच्या पेराएवढी अळी करायची, पानावर लावायची, तीन दिवसांनी काढून भिंगाखाली बघायची. बुलबुलाने किंवा दयाळाने खरी समजून टोच मारली की मातीवर दोन बाजूंनी खूण उठते. मुंगीचे सुईएवढे ठिपके, सरड्याच्या दातांची बारीक ओळ. कुठे किती खुणा त्यावरून समजतं, की बिल्डिंगना खेटलेल्या रानात अळ्या खाणारे किती उरलेत आणि वरच्या दाट रानात किती. यावर तिची पीएचडी. अळ्या वळायचं काम आईकडे, म्हणजे द्रौपदीबाईंकडे, चपात्या झाल्यावर वेगळ्या पोळपाटावर. शेजारणींनी विचारलं की "लेकीचा अभ्यास" एवढंच सांगायचं कामही त्यांच्याकडेच.

पण खुणा उठायला तर हव्यात! शंभर अळ्यांमागे चार, फार तर पाच. तिच्या गाइड माधुरी मॅडमनी सरळ सांगितलं होतं, की एवढ्याशा खुणांवर वरचं रान आणि खालचं रान यांतला फरक दाखवता येत नाही. पावसाळ्यात पक्ष्यांची पिल्लं भुकेली असतात, तेव्हाही आकडा हलला नाही तर समितीपुढे विषय टिकणार नाही. दोन वर्षं पाण्यात. समितीची बैठक ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी होती.

आणि नेमका तेव्हाच तिला डेंग्यू झाला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

वनखात्याच्या परवानगीत मदतनीस म्हणून तिच्या पप्पांचं नाव होतं. रतन म्हणजे मरोळच्या कारखान्यात तीस वर्षं टूलरूममधला फिटर, गेल्या वर्षी रिटायर झालेला. एरवी ते खाली चहाच्या टपरीवर थांबायचे आणि ती वर जायची. आता ते म्हणाले, त्यात काय एवढं, जुन्या काढायच्या नि नव्या लावायच्या, मी जातो. दर तिसऱ्या दिवशी एकशेवीस नव्या अळ्यांचा डबा घेऊन ते निघायचे आणि दुपारी डबा घेऊन परत यायचे. ती तापाने फणफणलेली, तरी कान दाराकडे. पप्पांनी चप्पल काढायच्या आत तिचा प्रश्न तयार असायचा.

"पप्पा, खाल्लं का कोणी?"

"खाल्लं ना," पप्पा म्हणाले. "पुष्कळ खाल्लं."

ती रडलीच. चारही खेपांना तेच. शंभरात चाळीस! तिने पडल्यापडल्या फोटो पाठवले, मॅडमचा लगेच फोन आला, की आता शुक्रवारची काळजी सोड. पण अंगात ताप आणि डोक्यात शुक्रवार, काळजी सोडते कसली. उलट आकडा वाढला तसा तिला आणखीनच चैन पडेना.

बैठकीच्या आधीच्या मंगळवारी ती पहिल्यांदा उठून टेबलापाशी बसली. बसली म्हणजे काय, अर्धी उभीच. एका हातात भिंग, दुसऱ्यात पप्पांचं व्हर्निअर, खुणेची रुंदी मोजायला. पहिली खूण दोन पूर्णांक आठ मिलिमीटर. दुसरीही तेवढीच. दहापर्यंत ती खूश होती. विसाव्या अळीला तिने व्हर्निअर पुसून पाहिलं. तिसाव्याला तिने भिंग खाली ठेवलं.

बुलबुल कधी सरळ टोचतो, कधी तिरपा, कधी नुसतंच ओरबाडून उडतो. या खुणा मात्र सगळ्या एकाच मापाच्या, एकाच कोनात, अळीच्या बरोब्बर मध्यावर. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. इतकं नेटकं काम करणारा पक्षी अजून जन्माला यायचाय. इतकं नेटकं काम करणारा माणूस मात्र बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता.

बुधवारी सकाळी कोणाला न सांगता ती डोंगराकडे निघाली. वस्तीतून वर जायला एकशेचाळीस पायऱ्या, मग पायवाट. पहिल्याच करंजाच्या फांदीला तिच्या हातची चिठ्ठी लोंबत होती, तारीख अकरा ऑगस्ट, ताप यायच्या आदल्या दिवसाची. खाली तिचीच अळी, पावसाने फिकट पडलेली. पुढच्या झाडावर तेच, त्याच्या पुढच्यावर तेच. काही गळून पडल्या होत्या, बाकी सगळ्या जिथल्या तिथे. पंधरा दिवस इथे कोणी फिरकलंच नव्हतं. आणि तीन दिवसांच्या अळ्या पंधरा दिवस राहिल्या, म्हणजे त्याही आता मोजदादीत धरता येणार नव्हत्या.

आता खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं. का येऊ नये? जुन्या अळ्या पिशवीत भरून नाल्यात टाकल्या असत्या तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. फक्त तिच्या बापाला कळलं असतं, आणि तो बोलणारा नव्हता. शुक्रवार परवावर आला होता, तक्ते तयार होते, मॅडम खूश होत्या. ती पायवाटेवर दहा पावलं वर जायची, दहा खाली यायची. शेवटी तिला स्वतःचीच चीड आली. दोन वर्षं ती रानाला खरं विचारत होती, आणि रानाने खरं सांगितलं तर ते हिला नको होतं.

घरी आली तेव्हा आई बालवाडीच्या कामाला गेली होती. तिने पावसाने फिकटलेली एक अळी, चिठ्ठीसकट, पप्पांच्या पेपरवर ठेवली. पप्पांनी चिठ्ठी वाचली. मग उठले, हत्यारांच्या खणातून एक छोटी पक्कड काढून तिच्यापुढे ठेवली. पक्कडीची दोन्ही टोकं कानशीने घासून हुबेहूब चोच केली होती.

"तुझ्या भिंतीवरच्या चोचींच्या तक्त्यावरून माप घेतलं," ते म्हणाले, आणि या वेळीसुद्धा आवाजात कारागिराची किंचित ऐट होती.

ती भडकली. म्हणाली, की पप्पा, वाट लावलीत माझी, दुसऱ्या कोणी केलं असतं तर तोंड पाहिलं नसतं. पप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. मग हळूहळू सांगू लागले. पहिल्या दिवशी ते गेले होते. पायऱ्यांवर दम लागला, छाती आवळली, खाली टपरीवर येऊन बसले. वाटलं, पुढच्या खेपेला जमेल. घरी आले तर ही दारातच विचारते, खाल्लं का कोणी.

"तुझं तोंड बघून नाही म्हणवेना गं. मग तू झोपल्यावर पक्कड घासली नि डब्यातल्या नव्याच अळ्यांवर खुणा उठवल्या."

"कितव्या पायरीला दम लागला?"

"असेल चाळिसावी."

"कधीपासून होतंय हे?"

"होळीपासून."

होळीपासून! तिचा राग गेला नाही, पण त्याच्या जोडीला भीतीही आली. पप्पा पक्कडीकडे बघत म्हणाले, "मग या मालाचं काय?"

"रिजेक्ट."

"सगळा लॉट?"

"सगळा."

तीस वर्षांत त्यांच्या हातचा एक लॉट परत आला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि बराच वेळ परत डोळ्यांवर चढवलाच नाही.

मॅडमना तिने त्याच संध्याकाळी कळवलं. त्या तापल्या, मग म्हणाल्या की समितीला तूच सांग. शुक्रवारी तिने सांगितलं. पप्पांना न विचारता बैठकीत ती पक्कडही ठेवली. एका सदस्याने विचारलं, की यात नक्की चूक कोणाची धरायची?

"माझी," संघमित्रा म्हणाली. "काय दिसलं, असं मी त्यांना कधी विचारलंच नाही. खाल्लं का, असं विचारलं. मला कोणतं उत्तर हवंय ते मी आधीच सांगून ठेवलं होतं."

कोणी पाठ थोपटली नाही. चारही खेपा रद्द झाल्या. आणखी एक पावसाळा मिळाला, आणि तेव्हाही खुणा पुरल्या नाहीत तर विषय बंद. वर्ष गेलं ते गेलंच. घरी येऊन ती जेवली नाही, आणि आईनेही आग्रह केला नाही.

शनिवारी ती पप्पांना ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, विचारलं, "चढताना दम लागतो का?"

पप्पांनी संघमित्राकडे बघितलं. ते बघणं तिला ओळखता आलं. तिच्या तोंडावर साफ लिहिलेलं असणार, की पप्पा, नाही म्हणा, काही नाही असं म्हणा. तिला अगदी तेच ऐकायचं होतं. ती खुर्चीवरून उठली, पप्पांकडे पाठ केली आणि भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागली. बीसीजी, पोलिओ, गोवर. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. ती वळली नाही.

"लागतो," मागून पप्पांचा आवाज आला.

"किती पायऱ्या चढल्यावर?"

"सात," पप्पा म्हणाले. "हिला चाळीस सांगितल्या होत्या."