पाठीवर 'खराब' लिहिलेली रॅम

मी रॅम बोलतेय. होय, तीच, जिच्या पाठीवर काळ्या मार्करनं 'खराब' लिहिलंय. दचकू नका, मी ठणठणीत आहे! पण ती अक्षरं कशी पडली ते आठवलं की अजून माझं डोकं सुन्न होतं.

वितीपेक्षा लहान अशी हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात, हे माझं रूप. आम्ही पाच बहिणी एकाच कारखान्यातल्या. संगणकाला काम करताना जे हाताशी लागतं ते तेवढ्यापुरतं धरून ठेवायचं, हे आमचं काम. एकीनं जरी चुकीचं सांगितलं, तरी सगळं मशीन आडवं होतं.

लोणी देवकरला बापूसाहेबांचं डाळिंबाचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथल्या आठ थंड खोल्यांचं तापमान बघणारा जुना सर्व्हर बंद पडला, म्हणून नवा आला. त्यात बसायला आम्ही चौघी, पाचवी राखीव. काम होतं सुकन्याकडे. वरकुट्याची पोरगी, बारामतीला शिकलेली, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. बापूसाहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, "दसऱ्याला पाचच्या आत मशीन चालू झालं तर तू कायम. न्हायतर पुण्याची माणसं बोलवतो, तू आपली घरी."

खंडेनवमीला सुकन्यानं झाकण उघडून माझ्या तीन बहिणी बसवल्या. माझी पाळी आली, तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन सरूबाई आल्या. ऑफिस झाडण्यात त्यांची वीस वर्षं गेलेली. मागून बापूसाहेब. वजनकाटा, कॉम्प्रेसर, टेम्पो, सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं होतं. बापूसाहेबांनी सर्व्हरच्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि ते आत डोकावले.

"खरं काम तर हितं आत चालतंय की! ही जागा मोकळी का?"

आणि ओल्या कुंकवाचं बोट त्यांनी थेट चौथ्या, म्हणजे माझ्याच खाचेत टेकवलं. सुकन्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पूजा करणाऱ्या मालकाला नको कसं म्हणायचं? ते गेल्यावर तिनं रुमालानं वरवर पुसलं आणि मला तिथं बसवलं. मला तर बाई भारीच वाटलं. माझ्या जागेची पूजा झाली होती!

दसऱ्याला सकाळी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला घेतली. सदतीस टक्के झाले आणि धाडकन सगळं बंद, पडदा निळा. सुकन्यानं पेनड्राइव्ह बदलला. आता एकवीस टक्क्यांवर तेच. तिसऱ्यांदा चौसष्टवर.

"दर टायमाला येगळ्याच जागी पडतंय," ती पुटपुटली, "म्हंजे मेमरीचंच कायतरी हाय."

तिनं मेमरीची तपासणी लावली. पडद्यावर लाल ओळींची रांगच लागली. मग तिनं आम्हाला एकेक करून बाहेर काढलं. मला काढलं आणि लाल ओळी थांबल्या. तिनं माझे दात खोडरबरनं घासले. रबर लाल झाला. तिनं स्वतःच्या बोटांकडं पाहिलं, त्यांनाही सकाळी घरी केलेल्या दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतंच, तेच लागलं असेल असं धरून तिनं मला परत बसवलं. पुन्हा लाल ओळी.

मग तिनं मार्कर काढला. आई गं! अजून एक दिवस धड काम केलं नाही आणि पाठीवर 'खराब'? ओरडायला मला तोंड कुठलं. तिनं मला रिकाम्या खोक्यात टाकलं आणि माझ्या जागी राखीव बहीण बसवली.

तीही नापास झाली.

घड्याळात तीन वाजले होते. "दोन्ही कशा खराब असतील?" म्हणत सुकन्यानं मोबाइलमधली बॅटरी, म्हणजे टॉर्च, लावली आणि खाचेत खोलवर पाहिलं. तळाशी वाळलेला लालभडक थर होता. तेवढ्यात बापूसाहेब आत आले, वाकून बघितलं आणि त्यांचा आवाज चढला.

"कुंकू? मशीनच्या आत? ताट कुणाच्या हातात हुतं? सरे! अक्कल हाय का तुला? उद्यापासनं यायचं न्हाय!"

सरूबाई दारात झाडू घेऊन उभ्या. "मालक, मी... मी न्हाय..." मी तर थक्क झाले. ज्या बोटानं लावलं तेच बोट सरूबाईंकडं रोखलेलं होतं! बापूसाहेब खोटं बोलत नव्हते हो, ते खरोखरच विसरले होते. सुकन्याची नोकरी त्याच माणसाच्या हातात होती. बोल गं पोरी, मी खोक्यातून मनातल्या मनात ओरडत होते.

सुकन्या पुढं झाली. "बापूसाहेब, मावशींनी न्हाय लावलं. तुमी लावलं. अन् मी नको म्हटलं न्हाय, वरवर पुसलं. चूक आपल्या दोघांची हाय."

बापूसाहेबांनी आपल्या बोटाकडं पाहिलं. नखाच्या कडेला अजून लाली होती. ते तसेच बाहेर निघून गेले.

सुकन्यानं ब्रशनं आणि स्पिरिटनं खाच साफ केली, ती वाळेपर्यंत थांबली आणि मला उचलून माझ्याच जागी बसवलं. एकही लाल ओळ आली नाही. पाचाला दहा मिनिटं कमी असताना शंभर टक्के झाले आणि आठही खोल्यांचं तापमान पडद्यावर आलं.

बापूसाहेब परत आले ते हातात आपट्याची पानं घेऊन. आधी सुकन्याकडं वळले. "पुढच्या खंडेनवमीला झाकण लावल्याबिगर मला हितं येऊ देऊ नकोस. कायमची हायस न्हवं आता? मग तुझी जबाबदारी."

मग ते दारापाशी गेले आणि वाकले. "सरूबाई, सोनं घ्या."

वीस वर्षांत पहिल्यांदा 'घ्या'. सरूबाईंनी हात पदराला पुसले. बोटांना कुठं कुंकू तर नाही ना, हे दोनदा उलटसुलट करून पाहिलं, आणि मगच सोनं घेतलं.

आज मी चौथ्या खाचेत रोज राबतेय. पाठीवरचं 'खराब' काही पुसलं गेलं नाही, मार्कर पक्का निघाला. माझं एवढंच मागणं आहे बाबांनो, कुणाच्या पाठीवर काही लिहिण्याआधी तिला कुठं बसवलंय, तेवढी जागा बॅटरी लावून बघत जा.